लोकशाहीर अण्णाभाऊ साठे : डफापासून पडद्यापर्यंत



स्मरणिकेसाठी अण्णाभाऊंवर लिहायचं ठरवलं तेव्हा आपल्याच मंडळींतून एक प्रश्न आला. अण्णाभाऊ तर लाल बावट्याचे, त्यांनी धम्मदीक्षाही घेतली नव्हती, मग विहाराच्या पुस्तकात त्यांचं चरित्र कशाला? प्रश्न रास्त आहे, त्याला बगल द्यायची आमची इच्छा नाही. पण आधी माणूस समजून घेऊ. आणि आपल्या वस्तीतली पोरं आज कोणी गाणं लिहितंय, कोणी पथनाट्य करतंय, कोणी मोबाइलवर फिल्म काढतंय, त्यांनी तर हे वाचावंच. कारण एकाच माणसाने पोवाडा, लावणी, छक्कड, तमाशा, लोकनाट्य, कथा, कादंबरी, प्रवासवर्णन आणि सिनेमा एवढी सगळी दारं ठोठावली, आणि प्रत्येक दार का ठोठावलं याला एकेक कारण आहे. हौस म्हणून यातलं एकही केलेलं नाही.

अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा. गाव वाटेगाव, तालुका वाळवा, तेव्हाचा सातारा जिल्हा, आता सांगली. पाळण्यातलं नाव तुकाराम. वडील भाऊराव, आई वालुबाई. जात मातंग, म्हणजे गावकुसाबाहेरचं घर. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याचा काच या समाजाने किती सोसला ते जुन्या माणसांना ठाऊक आहे. गुन्हा घडो न घडो, हजेरी द्यायची. जन्मालाच आरोप चिकटलेला. तुकाराम शाळेत गेला तो दीड दिवस. मास्तरांचा मार आणि जातीची हेटाळणी बघून त्याने शाळेला जो रामराम ठोकला तो कायमचा. हा दीड दिवस आता इतका प्रसिद्ध झालाय की भाषणात त्याच्यावर टाळ्या पडतात. आम्हाला मात्र त्यात टाळ्या वाजवण्यासारखं काही वाटत नाही. शाळेने एक पोर गमावलं, एवढाच त्याचा अर्थ. बाबासाहेबांनी शिक्षणाचा जो आग्रह धरला तो अशाच लाखो दीड दिवसांसाठी.

वडील मुंबईत साहेब लोकांच्या बागेत माळीकाम करायचे. १९३१-३२ च्या सुमाराला त्यांनी बिऱ्हाड मुंबईला हलवलं. गाडीभाड्याला पैसे नाहीत, म्हणून वाटेगाव ते मुंबई पायी. दोनशेच्या वर मैल, वाटेत मिळेल ते काम करीत, मिळेल ते खात. घाट उतरून कोकणपट्टीत आणि तिथून भायखळ्याच्या चाळीत. आपल्या मुळशी खोऱ्यातली किती घरं अशीच मुंबईला गेली! १९२१ साली धरणाविरुद्ध सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला, धरण तरी झालंच, आणि गावं पाण्याखाली गेल्यावर माणसं पांगली. त्यामुळे पाठीवर बोचकं घेऊन शहराकडे निघालेल्या माणसाची गोष्ट आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको.

मुंबईत त्यांनी काय काय केलं? हमाली केली, फेरीवाल्याच्या मागे कापडाचं गाठोडं वाहिलं, पडेल ते काम केलं आणि गिरणीत लागले. गिरणीतला आवाज, पाळीचा भोंगा, खात्यातला कापसाचा भुगा हे आम्ही अंगावर घेतलंय, म्हणून सांगतो: त्या आवाजात माणूस एकतर बहिरा होतो, नाहीतर मनातल्या मनात गाणं म्हणायला लागतो. अण्णाभाऊ दुसऱ्या जातीचे. अक्षरओळख झाली ती दुकानांच्या पाट्यांवरून आणि सिनेमाच्या जाहिरातींवरून. तेव्हा मूकपट चालायचे, त्यांचा त्यांना नाद होता. भिंतीवरचं चित्र बघायचं, खालचं नाव लावायचं, असं करत करत वाचन आलं. पुढे ज्याच्या कादंबऱ्यांवर सिनेमे निघाले त्याची शाळा सिनेमाची पोस्टरं होती, ही गोष्ट आम्हाला फार मोठी वाटते.

मधल्या काळात गावी परत जाणं झालं. तिथे चुलतभाऊ बापू साठे यांचा तमाशाचा फड होता, त्यात अण्णाभाऊ शिरले. आता तमाशा म्हटलं की आपल्या घरांत अजूनही नाक मुरडतात. त्यालाही कारण आहे. आपल्या बायका-पोरांना नाचवून दुसऱ्यांनी करमणूक केली, ती लाज आपल्या वाडवडिलांनी झटकून टाकली. पण तमाशात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे कला, ढोलकी-तुणतुण्याची, गळ्याची, हजरजबाबीपणाची. ती आपल्याच लोकांनी शेकडो वर्षं सांभाळलेली. दुसरी म्हणजे त्या कलेची मालकी, ती मात्र पाटील-सावकाराकडे. अण्णाभाऊंनी कला ठेवली आणि मालक बदलला.

मुंबईला परतल्यावर मुक्काम माटुंग्याच्या लेबर कॅम्पात. त्या वस्तीत आपलेही पुष्कळ लोक होते. तिथेच ते कम्युनिस्ट चळवळीत आले, संपात, मोर्च्यात, पत्रकं वाटण्यात. आणि तिथेच सुरुवातीच्या काळात एक पोवाडा लिहिला, तो कोणावर? लेबर कॅम्पातल्या मच्छरांवर! पोवाडा म्हणजे राजे-सरदारांच्या लढाया गाण्याचा प्रकार. तो घेऊन या गड्याने मच्छरांची चढाई गायली. ऐकणारे हसले असतील, पण रात्रभर मच्छर चावून सकाळी पाळीला जाणाऱ्याला आपल्या दुःखाला पोवाड्यात जागा मिळालेली पहिल्यांदाच दिसली. इथून अण्णाभाऊंचा हात कळतो. जुना साचा घ्यायचा, त्यात नवा माल ओतायचा.

मग हा पोवाडा दूरदूर गेला. दुसऱ्या महायुद्धात रशियाच्या लाल सेनेने हिटलरच्या फौजेला स्तालिनग्राडला अडवलं, त्यावर त्यांनी पोवाडा रचला. तो पुढे रशियन भाषेतही गेला. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावर रचला. अमळनेरच्या गिरणी कामगारांवर गोळीबार झाला, त्यावर रचला. ज्याने कधी आगबोट पाहिली नव्हती तो परक्या मुलखातल्या लढाईचं वर्णन करतो आणि परळ-लालबागचा कामगार ते गल्लीतलं भांडण असल्यासारखं कान देऊन ऐकतो, हे पोवाड्यानेच होऊ जाणे. छापलेलं कागदपत्र त्या कामगाराला वाचता येत नव्हतं. डफ मात्र कळत होता.

१९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. अमर शेख मूळ बार्शीचे, आवाज असा की मैदान गप्प व्हावं. अण्णाभाऊंची लेखणी, शेखांचा गळा, गवाणकरांची जोड, असं ते त्रिकूट. या पथकाने तमाशाचं जे केलं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. जुन्या तमाशाची सुरुवात गणाने, म्हणजे गणपतीच्या स्तवनाने. मग गवळण, म्हणजे कृष्ण-पेंद्या आणि गवळणींची थट्टामस्करी. मग बतावणी आणि वग. अण्णाभाऊंनी गणातून देव काढला आणि तिथे मातृभूमी, कष्टकरी आणि हुतात्मे यांना वंदन घातलं. बायांची टिंगल करणारी गवळण काढून टाकली. वगात राजा-प्रधानाच्या जागी सावकार, शेटजी, निवडणुकीला उभा राहिलेला पुढारी आणि संपकरी कामगार आणले. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेटजींचे इलेक्शन', 'माझी मुंबई' हे सगळे वग याच घडणीचे. आपल्याकडच्या आंबेडकरी जलशांनीही देवादिकांना असाच रजा देऊन गण बदलला होता, भीमराव कर्डकांच्या जलशाची आठवण जुन्या माणसांना असेलच. दोन्ही प्रवाहांच्या मागे सत्यशोधक जलसा. म्हणजे झेंडे दोन असले तरी वाट एकाच विहिरीकडून आलेली.

लावणीचंही तेच. लावणी म्हटली की शृंगार. अण्णाभाऊंनी मुंबईवर लावणी लिहिली. टेकडीवरच्या श्रीमंतांची मुंबई आणि परळच्या खुराड्यातली मुंबई यांना त्यांनी लावणीच्या ठेक्यावर शेजारी शेजारी उभं केलं. ठेका तोच, पाय थिरकायचे ते थिरकतातच, पण थिरकता थिरकता माणूस विचारात पडतो.

स्वातंत्र्य आलं आणि थोड्याच दिवसांत मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. अश्लीलतेचं कारण दिलं गेलं. लाल बावट्याच्या कार्यक्रमांवरही बंदी आली, पोलीस पथकाच्या मागे लागले. फडावर पोट भरणारे शेकडो कलावंत उघड्यावर पडले. अण्णाभाऊंनी काय केलं? तमाशाचं नाव झालं लोकनाट्य. वग तोच, ढोलकी तीच, पाटी नवी. आज 'लोकनाट्य' हा शब्द सगळे मोठ्या मानाने उच्चारतात, नाट्यगृहात तिकीट काढून बघतात, पण तो शब्द रुळला त्यामागे ही बंदी आणि ही लपाछपी आहे हे किती जणांना माहीत असतं? १९४९ मध्ये इप्टा या देशभरच्या नाट्यसंस्थेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. त्या संस्थेत मोठमोठे शिकलेले नट, लेखक, कवी होते. त्यांच्यावर दीड दिवस शाळेत गेलेला अध्यक्ष!

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांची 'माझी मैना' ही छक्कड गाजली. वरवर बघितलं तर पोटासाठी मुंबईला आलेल्या गड्याला गावी ठेवलेल्या बायकोची आठवण येते, एवढंच. पण शेवटाकडे ती मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेलं बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव होऊन जाते. शेखांच्या आवाजात ती मैदानात सुरू झाली की गिरणगावातल्या माणसांचे डोळे पाणावत. कारण त्या गर्दीतल्या निम्म्याहून जास्त गड्यांची खरीखुरी मैना गावावरच होती! राजकारणाचा नकाशा बायकोच्या आठवणीत घालून सांगायचा, ही अक्कल कुठल्या कॉलेजात शिकवतात? शंभरावर हुतात्मे होऊन १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. बेळगाव-कारवार आजही बाहेरच आहेत.

आता लेखणीकडे येऊ. गाणं हवेत जातं, पथक बंद पडलं की वग थांबतो. शिवाय आपली पुढची पिढी आता वाचायला लागली होती. घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहून अण्णाभाऊंनी कथा-कादंबऱ्यांचा ढीग लावला. कादंबऱ्या पस्तीसच्या घरात, शिवाय कथासंग्रह. खरं सांगायचं तर सगळ्या सारख्या उतरलेल्या नाहीत. प्रकाशकाला घाई आणि घरात चूल थंड, अशा वेळी लिहिलेल्या कादंबरीत नायक फार देखणा होतो आणि खलनायक फार काळा. आम्ही त्यांचे भक्त असलो तरी हे दिसतं. पण 'फकिरा' वाचावी. १९५९ ची ही कादंबरी. दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा, इंग्रजांचा खजिना लुटणारा आणि शेवटी आपल्या माणसांसाठी स्वतःहून हजर होणारा मातंग वीर. सरकारी दप्तरात ज्याच्या नावापुढे दरोडेखोर लिहिलं होतं, त्याच्या नावापुढे अण्णाभाऊंनी माणूस लिहिलं. १९६१ साली तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. आणि ही कादंबरी त्यांनी अर्पण केली ती बाबासाहेबांच्या लेखणीला. पक्षाच्या कुठल्या नेत्याला नाही.

त्यांच्या कथांत 'स्मशानातील सोनं' ही आम्ही वरच्या पायरीवर ठेवू. वारणेकाठचा भीमा नावाचा धिप्पाड गडी मुंबईच्या उपनगरात दगडाच्या खाणीवर कामाला असतो. खाण बंद पडते. घरात बायको-पोर. एक दिवस मसणवटीतल्या राखेत त्याला सोन्याची अंगठी सापडते आणि तेव्हापासून तो मढ्याची राख चाळून पोट भरायला लागतो. शेवटी सोन्याच्या आशेने पुरलेलं मढं उकरतो, कोल्ह्यांशी झुंजतो, मढ्याच्या जबड्यात बोटं अडकतात आणि ती कायमची जातात. आणि नेमकी तेव्हाच खाण पुन्हा सुरू होते. एवढीच गोष्ट. २०१० च्या नोव्हेंबरात केंद्राच्या पर्यावरण खात्याने लवासाचं बांधकाम थांबवायला सांगितलं तेव्हा आम्हाला ही कथा आठवली. पर्यावरण, कायदा, परवानग्या यांच्या बाजूने आणि विरुद्ध पेपरात रकानेच्या रकाने भरून येत होते. पण काम थांबलं की बिगारी दुसऱ्या दिवशी कुठे जातो, हा रकाना फारसा दिसला नाही. तो रकाना अण्णाभाऊंनी किती वर्षं आधी लिहून ठेवलाय.

२ मार्च १९५८ ला मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन अण्णाभाऊंनी केलं. धम्मदीक्षेला दीड वर्षही झालं नव्हतं, बाबासाहेबांना जाऊन सव्वा वर्ष. समाज पोरका होता. त्या व्यासपीठावरून त्यांनी कष्टकऱ्यांच्या हातावर हे जग उभं असल्याचा विचार मांडला. तोवर साहित्यातला दलित म्हणजे कीव करायची वस्तू. ती कीव त्यांनी नाकारली. बाबासाहेबांवर त्यांनी लिहिलेलं गीत तर १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला आपल्याकडे घरोघर लागतं, कित्येकांना ते अण्णाभाऊंचं आहे हेसुद्धा माहीत नसतं.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर. अण्णाभाऊंनी दीक्षा घेतली नाही, हे खरं. ते शेवटपर्यंत कष्टकऱ्यांच्या राज्याचं स्वप्न बघणारे राहिले, हेही खरं. पण जातीचा प्रश्न पोटाच्या प्रश्नात आपोआप विरघळेल असं त्यांनी मानलं नाही, म्हणून तर 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीपाशी गेली. आपल्याकडून त्यांना काय मिळालं? बौद्ध वस्तीत त्यांची जयंती क्वचित, मातंग वस्तीत बाबासाहेबांची जयंती कुठे होते कुठे होत नाही. महापुरुष वाटून घेतले आपण. त्यांच्या कादंबरीत महार-मांग खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि त्यांच्या वाचकांच्या वस्त्यांत मधे गटार! हे आम्हाला बोचतं, म्हणून स्मरणिकेत त्यांचं चरित्र घातलंय.

१९६१ साली ते रशियाला गेले. ज्या देशावर तरुणपणी पोवाडे गायले तो देश विमानातून उतरून डोळ्यांनी पाहिला. परत येऊन 'माझा रशियाचा प्रवास' हे पुस्तक लिहिलं. प्रवासवर्णन हा तोवर पोटभरल्या लोकांचा प्रकार. गाववेशीबाहेरच्या माणसाने परदेश पाहून तो आपल्या भाषेत सांगावा, हे मराठीत नवीनच होतं. पुस्तक छोटं आहे, गोड आहे, एका बैठकीत होतं. रशियात सगळं आलबेलच दिसतं त्यात, काही खटकतच नाही. तेवढी त्यांची माया समजून वाचावं.

त्याच वर्षी त्यांच्या 'वैजयंता' कादंबरीवर गजानन जागीरदारांनी सिनेमा काढला. तमासगीर बाईच्या आयुष्याची गोष्ट. १९६३ ला 'फकिरा' पडद्यावर आला. १९६९ मध्ये 'डोंगरची मैना', 'मुरली मल्हारीरायाची', 'टिळा लाविते मी रक्ताचा' आणि पुढच्या वर्षी 'वारणेचा वाघ'. एकेकाळी पोस्टरवर अक्षरं लावणाऱ्याचं नाव पोस्टरवर आलं. पण सिनेमा ही कला अशी की तिच्यात लेखकाच्या हातात फार थोडं राहतं. पोवाड्यात डफ आपला, गळा आपला, समोरचे लोक आपले. पुस्तकात निदान कागद आपला. सिनेमात पैसा दुसऱ्याचा, म्हणून शेवटही दुसऱ्याच्या मर्जीचा. कादंबरीतली आग पडद्यावर पुष्कळदा फेटा-नऊवारी आणि ढोलकीपुरती उरली, असं आमचं मत आहे. गावोगावच्या टुरिंग टॉकीजमुळे वाचता न येणाऱ्या लाखो लोकांपर्यंत त्यांची पात्रं पोचली, ही जमेची बाजू मात्र मानावी लागेल.

एवढ्या कला, एवढी पुस्तकं, एवढे सिनेमे. पैसा कुठे गेला? तो त्यांच्याकडे आलाच नाही, आला तो टिकला नाही. लेखनाचा हिशेब मागायचा असतो, करार वाचून सही करायची असते, हे आपल्या माणसांना कोणी शिकवलेलं नसतं. आयुष्याची बावीस वर्षं चिरागनगरच्या झोपडीत गेली. घरची ओढाताण झाली, पत्नी जयवंताबाई चळवळीतल्याच, त्यांनी पुष्कळ सोसलं. शेवटी शेवटी दारू जवळ आली, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. गोरेगावच्या सिद्धार्थनगरात सरकारी घर मिळालं तेव्हा फार उशीर झाला होता. १८ जुलै १९६९ रोजी तिथेच ते गेले. वय पन्नासही पूर्ण नाही. पाठोपाठ सव्वा महिन्यात, २९ ऑगस्टला, अमर शेखही अपघातात गेले.

मेल्यावर मान मिळतो तसा मिळाला. १९८५ ला त्यांच्या नावाने महामंडळ झालं, २००२ ला टपालाचं तिकीट निघालं, २०२० ला जन्मशताब्दी झाली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा अर्धपुतळा उभा राहिला. आपल्या विहाराच्या कपाटात 'फकिरा'ची एक प्रत आहे, पानं सुटी झालीत, जपून हाताळावी. 'माझा रशियाचा प्रवास' मागवलंय. पोरांनी आधी तेच न्यावं, ते लहान आहे.